खाल्ल्याशिवाय दाराबाहेर नाय

रफिक, तुझा मासा खातोय.

तू गेलास त्याला आज अकरा दिवस झाले. दुकानात येणारा प्रत्येक जण आधी तुझ्या खुर्चीकडं बघतो, मग कोपऱ्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीकडं बघतो, आणि आवाज खाली आणून विचारतो, "तो लांब चोचीचा खातो का हो?" मालक गेला आणि मुका जीव झुरतोय, असं काहीतरी त्यांना घरी जाऊन सांगायचं असतं. मी म्हणतो, खातो. तुला माती दिली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी शटर वर केलं, लसणाच्या रसात मुरवलेली कोळंबी शिंपल्यात भरून खाली सोडली, आणि गडी अर्ध्या मिनिटात दगडाआडून आला. चोच घातली आणि टोचून टोचून खायला लागला. खरं सांगतो, मला राग आला त्याचा. एक दिवस तरी थांबायचं होतंस लेका, असं वाटलं. मग "रफिक, खाल्लं बघ" असं मी मोठ्यानं म्हणालो. सवयीनं म्हणालो. शेजारचा कापडवाला पायरीवर उभा होता, तो गुपचूप आत निघून गेला.

पण मला माशाबद्दल नाय बोलायचं. तुझ्या शेवटच्या तीन दिवसांत मी तुझ्याकडं फिरकलो नाय, त्याबद्दल बोलायचंय. तिथं एकदम यायची माझी छाती होत नाय, म्हणून जरा फिरून येतो. तू म्हणायचासच की, "विलास की बात सीधी नहीं आती, बिडकीन से घूम के आती." माझं गाव बिडकीन, म्हणून हा टोमणा तू किमान हजार वेळा मारला असशील, आणि दर वेळी स्वतःच हसायचास.

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत मी गोड्या पाण्याचे मासे विकायचो आणि तू शेजारच्या गाळ्यात मिक्सर, पंखे दुरुस्त करायचास. माझ्या टाक्यांचे पंप सारखे बिघडायचे. तू दुरुस्त करायला यायचास आणि परत जायचं नाव घ्यायचा नाहीस. स्टुलावर बसून काचेला नाक लावून बघत राहायचास, आणि तिकडं तुझ्या दुकानापुढं बायका मिक्सरची भांडी घेऊन ताटकळत उभ्या असायच्या. मग कुणीतरी तुला खाऱ्या पाण्यातले मासे दाखवले आणि तू कामातून गेलास. समुद्र इथून दिवसभराच्या वाटेवर. आपण बोअरचं पाणी गाळून, त्यात मिठाची पाकिटं ओतून, इथं दुकानात समुद्र तयार करायला बसलो. मी तुला येडा म्हणालो आणि आठ दिवसांनी भिंत फोडून दोन्ही गाळे एक केले.

मासे आणायला आपण पहिल्यांदा मुंबईला गेलो तेव्हाचं आठवतं का? चौपाटीवर लोक भेळ खात होते, आणि तू विजार गुडघ्यापर्यंत वर करून पाण्यात उतरलास आणि खिशातून खारेपणा मोजायची नळी काढलीस. नळी पाण्यात सोडून, डोळा बारीक करून बघितलंस आणि मला म्हणालास, "अपना पानी इससे अच्छा है." मी तुझ्यापासून दहा पावलं लांब जाऊन उभा राहिलो, हा माणूस माझ्याबरोबरचा नाय असं दाखवत.

आणि तो तुझा नियम. खाल्ल्याशिवाय दाराबाहेर नाय. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, त्याच्या डोळ्यांदेखत माशानं तीनदा खाल्लं पाहिजे, मगच तू तो पिशवीत भरायचास. एक जण घरभरणीसाठी मासा न्यायला आला होता. बंगला तयार, टाकी तयार, पाव्हणे यायला लागले, आणि तू म्हणतोस की कालच आलाय, अजून तोंड लावत नाय, पुढच्या आठवड्यात या. तो माणूस तावातावानं म्हणाला की मुहूर्त मासा बघून काढायचा का? तू शांतपणे म्हणालास, "व्हय." तो गेला. मी तुझ्याशी दोन दिवस बोललो नाय. तिसऱ्या दिवशी त्या माशानं पहिला घास घेतला तेव्हा तू मला खांद्याला धरून टाकीसमोर नेलंस, आणि मला बोलावंच लागलं.

ते लांब चोचवाले म्हणजे खाण्याच्या बाबतीत एक एक जावईच. वाळलेलं नको, गोठवलेलं नको, तरंगणारं नको. दगडाच्या फटीतून स्वतः ओढून काढल्यासारखं पाहिजे. तू पहिल्यांदा जिवंत शिंपला अर्धवट उघडून ठेवायचास. मग त्याच शिंपल्यात निम्मी कोळंबी भरायचास. मग सगळी कोळंबी. मग शिंपला काढून नुसती कोळंबी दगडाला लावायची. एवढ्याला कधी महिना जायचा. शिंपले आणायला धरणाच्या फुगवट्याला मी जायचो, पैठण रस्त्यानं, मोटारसायकलला बादली अडकवून. आमच्या बिडकीनची माणसं वाटेत भेटली की विचारायची, बादलीत काय? मी म्हणायचो, रफिकच्या जावयांचा फराळ.

माझं म्हणणं वेगळं होतं, तुला माहीत आहे. आमच्या घरात एकादशी, चतुर्थी, सोमवार, सगळं चालायचं. पोट बिघडलं की आमची आई म्हणायची, एक लंघन कर, सरळ होशील. माशाचंही तेच, असं माझं ठाम मत. तीन दिवस काही टाकू नका, काचेजवळ जाऊ नका, तोंड दाखवू नका. चौथ्या दिवशी जे टाकाल ते खाईल. आणि माझ्याकडं पुरावा होता. तो काट्यांचा सिंहमासा, जो जिवंत गप्पी माशांशिवाय दुसरं काही खात नव्हता, त्याला मी सहा दिवस उपाशी ठेवला आणि सातव्या दिवशी त्यानं काडीला टोचलेली कोळंबी झडप घालून ओढली. मी गल्लीभर सांगत फिरलो. तू फक्त म्हणालास की तो दांडगा आहे, सगळे तसे नसतात.

मग तू भाचीच्या लग्नाला जालन्याला गेलास. आदल्याच दिवशी मुंबईच्या बसनं नवा चोचवाला आला होता. थर्माकोलच्या खोक्यातून तूच त्याला काढलंस, तूच टाकीत सोडलंस आणि मला दहादा बजावलंस की दिवसातून तीनदा शिंपला ठेव, नाही खाल्ला तर काढून घे, पण ठेव. मी व्हय व्हय म्हणालो. तुझी पाठ वळली आणि मी माझं चालू केलं. तीन दिवस काही टाकलं नाय. रफिक आला की त्याला दाखवू, महिन्याचं काम मी चार दिवसांत केलं, असा माझा डाव. चौथ्या दिवशी तू स्टँडवरून थेट दुकानात आलास, हातात लग्नातला मिठाईचा डबा. शिंपला ठेवलास. तो आला, चोच लावली आणि वळून गेला. इतका रोडावला होता की डोक्यामागं खड्डा पडलेला. संध्याकाळपर्यंत गेला.

तू ओरडला असतास तर मला सोपं गेलं असतं. तू स्टुलावर बसून म्हणालास, "रोजा हमकू भी मालूम है रे. मगर रोजे में शाम कू मगरिब की अजान होती. आदमी को मालूम रहता, अब छूटनेवाला. इसकू किसने बताया था?"

मी म्हणालो, मासा मुळात आजारी आला होता. तू म्हणालास, आला असेल. त्यानंतर दर वर्षी केव्हा ना केव्हा हा विषय निघायचा आणि दर वेळी मी तेच म्हणायचो, आजारी आला होता. तू कधी खोडून काढलं नाहीस. आज लिहून देतो. मासा धडधाकट आला होता. मी मारला त्याला. तू हयात असताना हे एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाय, याची मला आता लाज वाटते.

माझी बायको सुशीला गेली त्या साली तू माझ्यावर नियम लावलास. मला घर खायला उठायचं आणि मला स्वतःला काही खावंसं वाटायचं नाय. तू दुपारी दुकानाचं शटर निम्मं खाली ओढायचास, तुझ्या घरून आलेला भाभींचा डबा उघडायचास आणि माझ्यासमोर बसायचास. खा म्हणायचा नाहीस. गप्पाही मारायचा नाहीस. स्वतः एक एक घास खात बसायचास, आणि मी उठायला लागलो की दाराकडं हात करून म्हणायचास, "नियम मालूम है ना?" श्रावण लागला तेव्हा भाभींनी वेगळं पातेलं काढलं. माझ्यापुरती भाजी त्या पातेल्यात, असं महिनाभर चाललं. पहिल्या आठवड्यात मी दोन घास खायचो. दिवाळीपर्यंत तुझ्या वाट्याची पोळी ओढायला लागलो. मी तुला त्याबद्दल कधी काही म्हणालो नाय. आपल्यात तशी पद्धतच नव्हती.

मग तुझी पाळी आली. यकृताचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी भाभींना आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की घरी न्या, जे आवडेल ते द्या, अंगात थोडी ताकद आली तरच पुढचा उपचार झेपेल. मी एवढंच ऐकलं, की खाल्लं तर उपचार. माझ्या डोक्यात पक्कं बसलं की सगळं तुझ्या तोंडाशी अडलंय. तू जेवलास की उठशील.

मी काय काय आणलं बघ. जुन्या शहरातून मटणाचा नान खलिया आणला, नुसता रस्सा वेगळा काढून. तू वास घेतलास आणि मान फिरवलीस. हुरडा आणला, मोसंबीचा रस आणला, बिडकीनहून वहिनीच्या हातची ज्वारीची आंबील आणली. मग एक दिवस तू लहानपणी जिच्यातून खायचास ती तुझ्या अम्मीची जुनी पितळी वाटी मी भाभींकडून मागून घेतली, त्यात मऊ खिचडी घातली आणि तुझ्या पुढ्यात ठेवली. तू वाटीकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस. तुझ्या अंगात हसायचीही ताकद नव्हती तरी तू हसलास. "मेरेकू चोचवाला समझा क्या? शिंपले में डाल के लाया?" आपण दोघंही हसलो. खिचडी तशीच राहिली.

तो मंगळवार. दुपारी तू पाणीसुद्धा नको म्हणालास आणि माझा तोल गेला. मला काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाय. तुझे गाल बसलेले, डोळे खोल गेलेले, आणि तू आपला "नक्को, नक्को" करतोस. मी म्हणालो, मुद्दाम करतोयस तू. मी म्हणालो, तुला जगायचंच नाय. तू म्हणालास, "चिल्ला नक्को विलास, डोका दुखता." मी उभा राहिलो. म्हणालो, ठीक आहे, जोवर तू खात नाहीस तोवर मी येणार नाय. खाल्लंस की सांग, मग येतो. चप्पल घालताना भाभी दारात आल्या. तू आतून म्हणालास, "जाने दे उसकू. आयेगा."

मला भीती वाटत होती रे. तुला तसं बघवत नव्हतं. रागावून घराबाहेर पडणं सोपं होतं. पण रस्त्यानं चालताना मी मनाला सांगितलं की हे सगळं तुझ्या भल्यासाठी चाललंय. तीन दिवस तोंड दाखवायचं नाय. चौथ्या दिवशी सकाळी जायचं. माझी तीच जुनी खोड, आणि या वेळी मला अडवायला तू स्टुलावर नव्हतास.

बुधवारी भाभींचा फोन आला. मी पहिलं विचारलं, खाल्लं का? त्या म्हणाल्या, नहीं भाई. मी म्हणालो, मग त्याला सांगा मी येत नाय. गुरुवारी फोन आला नाय. दिवसभर मी दुकानात होतो, टाक्या धुतल्या, मीठ कालवलं, आणि घटकाघटकाला मनात म्हणालो की आता भूक लागली असेल. एवढा मोठा माणूस, तीन दिवस कसा काढेल. गिऱ्हाईक आलं तर मी त्याच्यावर खेकसत होतो.

शुक्रवारी चारच्या सुमारास मी क्रांती चौकात होतो, त्या दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात. त्यांची टाकी आपण महिन्याला साफ करतो ना, तीच. भाभींचा फोन आला. मी उचलला नाय. दिवेलागणीला पुन्हा वाजला. तेव्हा उचलला, आणि तू गेला होतास.

तुझ्या घरी आलो तेव्हा माणसं जमली होती. मला कुणी काही विचारलं नाय. मला बसायला जागा दिली, पाणी दिलं. मी तुझा इतक्या वर्षांचा भागीदार, तर माझंही सांत्वन करायला लोक येत होते. कुणी म्हणालं, शेवटपर्यंत साथ दिलीत. मी मान हलवली. तुझ्या घरात बसून मी ती मान हलवली.

आठव्या दिवशी मी गल्ल्यातली तुझी किल्ली आणि तुझा चष्मा द्यायला भाभींकडं गेलो. त्यांनी चहा केला. मग त्या म्हणाल्या, "भाई, उस दिन उनों खाये थे." मला आधी समजलंच नाय. त्या सांगत गेल्या. शुक्रवारी तू त्यांना म्हणालास, उठाव मेरेकू. उशी लावून बसलास. खिचडी मागितलीस. चार चमचे खाल्लेस. एकेक चमचा गिळायला तुला कितीतरी वेळ लागत होता, मधे एकदा ओकारी आली तर तोंड दाबून धरलंस. भाभी म्हणाल्या, बस करो, तर तू मान हलवलीस आणि चौथा घेतलास. मग म्हणालास, "अब लगाव फोन विलास कू. बोल, खाया करके. बोल, आ जा."

भाभींनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. तू विचारलंस, क्या बोला? त्या म्हणाल्या, काम में हैं, आते बोले. मग तू दाराकडं तोंड करून आडवा झालास.

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाय. त्यांना वाटलं मला बरं वाटेल, की तू जाताना उपाशी गेला नाहीस. मी चहा संपवला, त्यांना सलाम केला आणि खाली येऊन जिन्यात बसलो. तुला भूक नव्हतीच, रफिक. डॉक्टरही नंतर म्हणाले की त्या दुखण्यात भूक मरते, त्याला कुणाचा इलाज नाय. तू खाल्लंस ते मी येईन म्हणून. मी अट घातली होती आणि तू ती पुरी केलीस. इतकी वर्षं आपण ज्या गोष्टीवर भांडलो, त्यात तुझंच खरं होतं, आणि मला ते कळायला तुला ते चार चमचे गिळावे लागले.

आता दुकान मी एकटाच उघडतो. तुझ्या बाजूचा दिवा लावायचा की नाय, हे रोज सकाळी ठरत नाय. दुपारी शटर निम्मं ओढतो आणि डबा उघडतो, पण समोर कुणी नसलं की घास फिरत राहतो तोंडात. लोक म्हणतात भागीदार घ्या कुणीतरी, एवढ्या टाक्या एकट्याला झेपायच्या नाहीत. मी बघू म्हणतो. दिवसभरात माझा आवाज मला दोन-चार वेळाच ऐकू येतो, तोही गिऱ्हाइकाशी बोलताना.

भाभींनी त्या दिवशी चहा ओतताना मला विचारलं होतं, फोन का नाही उचलला? रागानं नाय, सहज. मी सांगितलं की दोन्ही हात कोपरापर्यंत टाकीत होते. तुझ्या डॉक्टरांना तेच सांगितलं, शेजारच्या कापडवाल्याला तेच, बिडकीनला भावाला तेच. सगळ्यांना पटलं. टाकी साफ करताना असंच होतं, कुणालाही माहीत आहे.

तुला नाय सांगत ते. एकच हात पाण्यात होता. दुसरा कोरडा होता, आणि त्याच हातानं मी फोन उलटा करून ठेवला.